उसवलेला

नागाळा पार्कातल्या बंगल्यातनं निरोप आला,
"सिंह उसवलाय, शिवून द्याल का?"
म्हटलं, आजवर पायातलं शिवलंय,
अंगावर येणारं नाही.

तरी गेलो. सुभाषनगरातनं सायकलवर,
पिशवीत आरी, रापी, मेणाचा गोळा.

दिवाणखान्यात तो उभा, जबडा वासून.
दात प्लास्टरचे, जिभेवरचा तांबडा रंग पोपडे धरलेला.
पोटाखालची शिवण वीतभर सुटलेली,
आतनं भाताचं पिंजार लोंबत होतं.

रेणुसेबाई वही वाचत होत्या :
"नर. काठेवाड. साल पुसलंय."
मारणाऱ्याचं नाव मात्र ठळक.

हात फिरवला. कातडं आमच्याशी बोलतं,
म्हशीचं निराळं, बैलाचं निराळं.
हे पापडागत कडक.
ह्याला बाभळीची साल दाखवली नव्हती,
हिरड्याच्या पाण्यात मुरू दिलं नव्हतं.
घाई झाली होती कुणाला तरी.

"हे अजून हाईत का कुठं?"
"एकदा बोटांवर मोजण्याएवढेच उरले होते," बाई म्हणाल्या,
"राखले म्हणून वाढले. आता शेकड्यांत आहेत.
पण सगळे गीरच्याच आसऱ्याला.
कुत्र्यांचा एखादा आजार तिकडं शिरला, की..."
पुढं त्यांनी वही मिटली.

आमच्या गल्लीत कापशी बांधणारे आता तिघं.
मी, धाकटा शिवाप्पा, आणि वहिनी.
तिघंही एकाच पत्र्याखाली.
मागल्या श्रावणात तापानं एकदम आडवे झालो होतो,
आठवडाभर आरी कुणी उचलली नाही.

मेण लावलेला दोरा, आठ टाके.
नवव्याआधी थांबलो.

कापशीच्या तळात आम्ही विंचवाचं बी घालतो.
पाऊल पडलं की करकरतं,
कोण येतंय ते लांबनं कळतं,
वाट देणाऱ्यानं वाट द्यावी म्हणून.
खिशात दोन होती.
बाई फोनवर.
पिंजारात खोल सारली, दोरा ओढला, गाठ मारली.

चालायचा नाही तो. ते काय मला कळत नाही होय.

मजुरी एका जोडाचीच सांगितली.
बाईंनी वर पन्नास ठेवले, ते घेतले.
उंबऱ्यापाशी आलो

तर मागं करकर वाजलं.
काळजात लख्ख झालं.
वळून बघितलं :
तो होता तिथंच, तसाच.
मीच पाय हलवला होता.