रकाना

फॉर्मवर एकच ओळ सोडलेली: व्यवसाय.
अॅडलेडच्या ग्रंथसंग्रहालयाचं तळघर,
व्हर्ना ट्रेगेन्झाची बावीस खोकी,
आणि पेन्सिल घेऊन मी.
(शाई इथं चालत नाही.)

पहिल्या खोक्याला मटणाचा वास आहे,
खरंच, इतक्या वर्षांनंतरही.
लोकर कातरणाऱ्यांच्या तळावर एक हंगाम ती स्वैपाकीण होती,
अठरा माणसं, दिवसातून पाच खाणी.
पिठाच्या पिशवीच्या पाठीवर लिहिलंय:
‘मंगळवार. सगळे गप्प.
कुणीतरी कुणाचे तरी पैसे उचललेत. रस्सा संपला.’
बस्स, एवढंच.
तिचा पहिला अंक मला वाटतं तिथंच उघडला.

मग टेलिफोन एक्स्चेंज.
गव्हाच्या कोठारांचं गाव, समुद्रात लांबवर गेलेला धक्का,
तांब्याच्या खाणी केव्हाच मिटलेल्या.
भिंतींना कान असतात म्हणतात;
त्या गावाला एकच कान होता
आणि त्याला आठवड्याला पगार होता.
‘तीन मिनिटं झाली. वाढवायची का?’
असं ती दिवसातून शंभरदा विचारी,
आणि लोक खरं काय ते
त्या प्रश्नानंतर बोलत.

सगळं नाटकात आलं.
गावच्याच सभागृहात, एकसष्ट साली,
दुसऱ्या अंकात एक बाई बहिणीला फोन लावते,
टोमॅटोबद्दल बोलते, वाऱ्याबद्दल बोलते,
मग काहीच बोलत नाही.
नुसते दोन श्वास, तारेच्या दोन टोकांना.
तिसऱ्या रांगेतून एर्न पोल्किंगहॉर्न उठला,
बायकोचा दंड धरून बाहेर गेला.
खुर्ची आपटल्याचा आवाज
प्रॉम्प्टरनं प्रतीत नोंदवून ठेवलाय.

नोकरी गेली. व्हर्नाही गेली.
पुढची खोकी भराभर उघडतो:
साबणाच्या कंपनीसाठी रेडिओमालिका, चारशे भाग
(डॉक्टर मेला, कारण नट लंडनला निघाला होता);
मेंढ्यांना औषधी पाण्यातून काढण्याची सरकारी पुस्तिका,
जिच्यात एक वाक्य इतकं सुंदर आहे
की मी ते दोनदा मोठ्यानं वाचलं;
सिडनीत सहा रात्री चाललेलं महत्त्वाकांक्षी नाटक,
‘सहावी रात्र माझ्या मावशीची कृपा’;
आणि पोहायला घाबरणाऱ्या पेलिकनची पोरांसाठी पुस्तकं,
ज्यांनी तिला घर बांधून दिलं
आणि ज्यांचं नाव काढलं की ती विषय बदलायची.

घर कुठं बांधलं? त्याच गावात.
स्थानिक साप्ताहिकात मृत्युलेख लिहू लागली, ओळीला इतके सेंट.
एक दिवस दारात एर्न, हॅट हातात.
‘डल्सी गेली,’ म्हणाला.
पुढं त्याला काही येईना.
व्हर्नानं वाट पाहिली. ते तिला येत होतं.

लेख माझ्यासमोर आहे, अकरा ओळींचा.
शेवटची अशी:
‘दर रविवारी ती पर्थला बहिणीशी बोलत असे,
आणि शेवटी दोघी थोडा वेळ गप्प राहत.
त्या वेळाचं बिल कधी आलं नाही.’

मी एक्स्चेंजची वही काढली. ती तिनं चोरून आणली होती बहुतेक.
रविवार, पोल्किंगहॉर्न, पर्थ: तीन मिनिटं.
रविवार, पोल्किंगहॉर्न, पर्थ: तीन मिनिटं.
समासात, नखाएवढ्या अक्षरात:
नऊ. अकरा. नऊ. चौदा.

मी ‘टेलिफोन ऑपरेटर’ असं लिहिलं.
वरिष्ठ आल्या, चष्मा वर केला, रबर फिरवलं,
‘नाटककार व लेखिका’ लिहून जेवायला गेल्या.
कागदावर माझी अक्षरं अजून उमटलेली दिसतात,
तिरपा उजेड पडला तर.

बाविसावं खोकं उघडायचं राहिलंय.
हलवलं की आत काहीतरी वाजतं.