पत्रा

डिसेंबरात भुसावळला थंडी येते ती
यार्डातून, मालगाडीच्या शेवटच्या डब्याला लटकून.
तूप थिजलं की आई म्हणायची,
आला नाताळ.

ओव्हन आमच्याकडे नव्हता. क्वार्टरांत कुणाकडेच नव्हता.
परातीत तळहाताने तूप फेसत बसायची ती,
गोल, गोल, कोपरापर्यंत पांढरी होऊन,
आणि मध्ये एक शब्द नाही.
बोललं की तूप रुसतं म्हणे.
केकात मनुका मोजून, केळी बेमोजून:
सावद्याची, सालीवर काळी पडलेली,
वखारवाल्याने तशीच देऊन टाकलेली.
"केळीच्या मुलखात मनुका काय मिरवायच्या!"
हे अण्णांना ऐकवून.
अण्णा, लोको शेडमधले फिटर,
ग्रीसच्या नखांनी अक्रोड सोलत गप्प.

रात्री दहानंतर, पावाची शेवटची खेप निघाली
की जब्बारभाईंची भट्टी आमची.
शालीत गुंडाळलेल्या बायका रांगेत,
कमरेवर पत्रे,
पत्र्याला खुणा: कुणाचा लाल दोरा,
कुणाचं खिळ्याने ठोकलेलं नाव.
आमचा एक कोपरा अण्णांनी मुद्दाम वाकवलेला.
लांब दांड्याच्या फळीवर पत्रा बाहेर ओढत
जब्बारभाई कुणाकडेच न बघता विचारत,
"टेढा किसका?"
मी हात वर करायचे. शाळेत कधी एवढा वर केला नाही.

त्या वर्षी नेमकी लाइट गेली.
कंदिलाच्या उजेडात पत्रे वाटले गेले.
घरी येऊन आईने फडकं उचललं
आणि बराच वेळ नुसती बघत राहिली.
"हा माझा अंगठा नाही."

तिच्या प्रत्येक नानकटाईवर मधोमध
अंगठ्याचा खळगा असे,
खळग्यात एक तिरपी रेघ,
विळीने कधीतरी दिलेली.
या नानकटाया गुळगुळीत. वर बडीशेपेचा एकेक दाणा.
पत्र्याचा कोपरा वाकलेला, पण खाली.
आमचा वर होता.

"एकही उचलायची नाही. कुणाच्या तरी लेकरांच्या आहेत."
पत्रा कपाटावर गेला.
दोन दिवस आम्ही भावंडांनी नाताळची वचनं पाठ केली
ती त्या कपाटाकडे तोंड करून.

उपासना सुटली. चर्चच्या पायरीशी एक बाई,
नवापूरकडची, नवरा नुकताच बदलून आलेला.
रत्नप्रभा गावित.
हातात आमचा पत्रा. रिकामा, राखेने घासून लख्ख.
"पोरांनी बघितलं नाही हो," ती म्हणाली,
"आणि तिसरी खाल्ल्यावर मीही बघितलं नाही."

उपासनेच्या साडीत आई एवढ्या मोठ्याने हसते
हे मला तेव्हा कळलं.

रात्री दोन्ही घरं आमच्याच ओट्यावर:
वांग्याचं भरीत, कळण्याच्या भाकरी,
आणि मग कपाटावरून उतरलेला पत्रा.
आईने एक तुकडा जिभेवर विरघळू दिला.
"बडीशेप... आणि अजून काहीतरी."
"आहे काहीतरी," रत्नामावशी म्हणाली.

भट्टी अजून आहे. जब्बारभाईंचा नातू पत्रे घेत नाही,
म्हणतो, परवडत नाही, आणि खरंच नसेल परवडत.
माझ्या ओट्यावर ओव्हन आहे, टुंग वाजतो.
मी अंगठा दाबते. खळगा पडतो, रेघ नाही.
दर डिसेंबरात एक डबा नवापूरला जातो,
एक तिथून येतो, एसटीच्या पार्सलाने, सुतळी बांधून.
मी फोन करते. जायफळ? नाही.
वेलदोडा? खसखस? नाही गं.
मावशी एक्क्याऐंशीची. तिला ऐकू कमी येतं,
पण एवढं बरोबर येतं.
"आहे काहीतरी."

यंदा मी हळूच म्हटलं,
"मोहाची फुलं?"

पलीकडे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ
कुणी बोललं नाही.
मग तिने विचारलं,
थंडी पडली का गं तिकडे.