विरळणी

बाथटब तिनंच आणून ठेवला होता जाण्याआधी,
कुणाच्या तरी पाडलेल्या घरातला, एका बाजूनं गंजलेला.
"भोक बुजवू नकोस, मुरमान. पाणी जायला वाट हवी."
एवढं सांगून त्सियाला बारीला गेली,
इटलीत, एका म्हातारीचं उठणं-बसणं सांभाळायला.
कुताइसीत उरलो मी, टब,
आणि बिस्किटांच्या डब्यात बियांच्या पुड्या,
प्रत्येकीवर तिचं अक्षर, तिलाच वाचता यावं असं.

सव्वीस वर्षं ट्रक जोडले मी कारखान्यात.
कुठला नट, कुठला बोल्ट, अंधारात हाताला कळायचं.
बी हाताला काही सांगत नाही.
तांबूस, गोल, मोहरीहून थोराड: मुळा की कोबी?
मार्चमध्ये सगळंच पेरून टाकलं, मुठीनं,
कोंबड्यांना दाणे टाकावेत तसं.

चौथ्या दिवशी अळीव वर आला.
मग मुळा. मग लेट्यूस, उंदराच्या कानाएवढं, पोपटी,
एकमेकांच्या अंगावर रेललेलं,
ब्याण्णव सालच्या पावाच्या रांगेसारखं.

रविवारी फोन येतो. मी कॅमेरा टबावर धरतो.
"अरे देवा, किती दाट!
दोन बोटांवर एक ठेव, बाकीचं उपट."
मी हो म्हणतो.
उपटत नाही.
आलेल्याला जा कसं म्हणायचं?
या गल्लीतून आधीच किती उपटले गेलेत:
नोदारची मुलगी पोलंडला,
वरच्या मजल्यावरचे दोघे भाऊ तुर्कस्तानात चहा खुडायला,
समोरची मझिया न्यूयॉर्कला, कुणाचीतरी पोरं वाढवायला.
विरळ व्हायचं तेवढं झालंय इथं.
दोन बोटं कसली,
दिव्यापासून दिव्यापर्यंत चार कुलपं.

तारखुना पेरावा लागत नाही.
लग्नाच्या वर्षी तिनं भिंतीशी लावला, तो दर वसंतात आपला आपण येतो,
बडीशेपेचा वास, चावला की जीभ जराशी बधिर.
मे महिन्यात एक जुडी मुळासकट काढली,
ओली गुंडाळली, गोचाच्या मिनीबसमध्ये दिली,
चीज आणि दोन बाटल्या वाइनच्या मध्ये.
पाच दिवस. किती सरहद्दी ते गोचाच जाणे.
पोचला तेव्हा काळा पडला होता.

"गुंडाळलास कशात?"
"तुझ्या निळ्या रुमालात."
बराच वेळ नुसता तिकडच्या रस्त्याचा आवाज.
मग म्हणाली, "चांगला रुमाल होता तो."
मग म्हणाली, म्हातारीला पानं चिरून, तेल घालून लागतात.
आपल्यासारखी देठासकट ताटात ठेवली,
तर म्हणते, मी काय बकरी आहे?
हसली. मीही हसलो.
फोनमध्ये हसू अर्ध्या सेकंदानं उशिरा पोचतं.

त्या संध्याकाळी स्टूल घेऊन टबाशी बसलो.
लेट्यूस खालून पिवळं पडायला लागलं होतं,
गोगलगायींनी कडा कुरतडलेल्या.
पहिलं रोप ओढलं. सहज आलं, त्याचंच वाईट वाटलं.
केसाएवढं पांढरं मूळ, टोकाशी मातीचा एक कण धरून.
फेकवेना.
पँटला पुसून तोंडात टाकलं.
तिखट.
म्हणजे हा मुळा होता.

पुढच्या रोपाशी बोटं टेकवली, अंतर मोजायला.
माझी बोटं जाड, ग्रीस मुरलेली. तिची बारीक.
कुणाची दोन बोटं,
ते विचारायचं राहिलं.