फुटामागं एक सूत

ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
फुटामागं एक सूत.
म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टी खरी नसते,
तिच्यावरचा फूट बाजारातल्या फुटापेक्षा
एका सुतानं लांब.
उद्यमनगरात चुलत्यानं ती हातात दिली
तेव्हा मला मिसरूडही फुटलं नव्हतं.
सव्वीस वर्षं तिच्यावरच मापं काढली,
पंपाची, गिअरबॉक्सची, गुऱ्हाळाच्या घाण्याची,
सगळी सागवानात.

गेल्या दिवाळीनंतर हात थांबले.
दुखत नव्हते. नुसते थांबले.
रंधा धरायचा आणि शिरा बघत बसायचं,
लाकडाच्या की मनगटाच्या, तेही आता सांगता येत नाही.
चौगुलेंच्या फौंड्रीतला माणूस तीनदा येऊन गेला.
मीनाक्षीनं ताट झाकून ठेवलं,
मी झाकण उचललं नाही.

बळवंतदादा म्हणाला, "तालमीतलं पोरगं तू, आनि आसं?
ऊठ. चल दूध प्यायला."
गेलो. गंगावेशीत म्हशीखाली ग्लास धरलेला,
फेस मिशीला लागला.
चव कुठंच लागली नाही.

विसरायलाही लागलो होतो म्हणून
राजारामपुरीत मशीनमध्ये घातलं.
आतला दणका फेटलिंग शॉपसारखा,
खोटं कशाला बोलू, तेवढी वीस मिनिटं
घरी आल्यासारखं वाटलं.

रिपोर्ट नॉर्मल.
दादानं पाकीट टेबलावर आपटलं,
"बग. काय बी न्हाई झालेलं."
आणि मी आतून फुटलो, कारण मला हवं होतं काहीतरी,
एखादा ब्लोहोल, केसाएवढी तडा,
बोट ठेवून दाखवता येईल असं: हे बघ, इथं.

डॉक्टर मगदूमांनी गोळ्यांच्या चिठ्ठीमागं चित्र काढलं.
मेंदूत खाली, कानाच्या आतल्या अंगाला,
समुद्रघोड्यासारखा वळलेला एक भाग,
एक डावीकडं, एक उजवीकडं.
आठवणी तिथं बसतात.
शेकडो आजारी माणसांची मापं घेऊन सरासरी काढली
तर तो थोडा लहान भरतो, म्हणाले.
एकट्याच्या फिल्मवर मात्र सांगता येत नाही.
आधी दुःख की आधी आक्रसणं, तेही नक्की नाही.

"किती लहान?" मी विचारलं.
ते म्हणाले, थोडासाच, शंभरात चार-पाच.
मी मनात हिशोब केला.
फुटाला चार-पाच सूत.
एवढी सूट कुणी सोडत नाही.

"परत भरतो का?"
"काहींचा थोडा भरलेला दिसलाय. शब्द नाही देत."
शब्द दिला असता तर
मी त्या गोळ्या घेतल्या नसत्या बहुतेक.

रात्री पडल्या पडल्या तो समुद्रघोडा घडवत होतो,
दोन अर्ध्यांत, मध्ये डॉवेल,
कडांना मेणाची गोलाई.
आणि रायझर कुठं ठेवायचा?
साच्याच्या डोक्यावरची ती जास्तीची धातू,
काम आक्रसेल तसं स्वतः रिकामी होत त्याला पुरवत राहते.
शेजारी मीनाक्षी झोपली होती, तोंड भिंतीकडं.
रायझर शेवटी कापून टाकतात.
हा विचार मी तिथंच थांबवला,
थांबवता आला, एवढं खरं.

सहावा आठवडा असेल.
रंकाळ्याला एक फेरी जमते, परतीला मध्ये बसावं लागतं.
चौगुलेंचा पॅटर्न अर्धा झालाय,
अर्धा तसाच, भुसा उडालेला त्यावर.

काल पोरीनं भूमितीची वही आपटली.
"पप्पा, तुमची पट्टी चुकीची हाय,
सगळ्या बाजू कमी भरल्या, बाईंनी दोन मार्क कापले."
मी म्हणालो, चुकीची नाही गं.
तिच्यात पुढचं आक्रसणं आधीच धरलेलं असतं.
"मग शाळेत कशी चालंल?"

तेव्हा मी हसलो म्हणे.
मला आठवत नाही.
मीनाक्षीनं सांगितलं, भाकरी थापता थापता,
वळून न बघता.