गुणी बाळ

लाओसमध्ये, नाम था नदीच्या वरच्या अंगाला,
खांबांवरच्या त्या घरात
फोनसाईला बाळंत होऊन तिसरा महिना संपत आला होता.
शेक थांबला होता. पथ्य नव्हतं थांबलं:
चिकट भात, मीठ, भाजलेलं आलं.
मासा नको, भाजी नको, शेंगदाणे तर नकोच.
सासूने, सीदाने, सगळं मन लावून पाळलं होतं;
तिच्या सासूनेही तिच्यासाठी पाळलं होतं.

"रडतच नाही," सीदा कौतुकाने म्हणाली. "फार गुणी."
मी वाकून पाहिलं.
बाळ रडत होतं.
तोंड पूर्ण उघडं, जीभ थरथरत,
मुठी आवळलेल्या,
आणि आवाज नाही.
फाटक्या भात्यातून सुटतो तेवढा वारा.
बोटांखाली काळीज नुसतं पळत होतं.

खाली डुकरं ओरडत होती.
केवढी धष्टपुष्ट!
त्यांना रोज तांदळाचा कोंडा,
आणि रात्रभर भिजल्या तांदळाचं पाणी,
सकाळी फळ्यांच्या फटीतून ओतलेलं.
बी-वन रोज त्या फटीतून खाली जात होतं.
वर उरायचा पांढराशुभ्र भात.
तो आईच्या पोटात जायचा,
आणि दुधात उतरायचं ते काहीच नाही.
शरीराकडे याची कोठी नसते;
दोन-तीन आठवड्यांची शिदोरी, संपली की संपली.

माझ्या पेटीत तीन कुप्या होत्या.
एकीची किंमत कोंबडीच्या अंड्याहून कमी.
काच मोडली तसा तो वास आला,
खमिरासारखा, जरा करपलेला.
मांडी इवलीशी, सुजलेली. टोचलं.
तेव्हाही ओरडलं नाही.

मग नुसतं बसणं.
सीदाने मला भात वाढला. मी खाल्ला.
चूल धुमसत राहिली.
दुसऱ्या रात्री, कोंबड्याच्या आधी कधीतरी,
एक कर्कश, फाटका, भांडखोर आवाज
घरभर झाला,
आणि मला वाटलं, डुकरंच.

फोनसाई हसत होती, नाक ओढत.
सीदा मात्र बसून राहिली,
टोपलीतल्या भातावर हात ठेवून.
"माझे दोघं," ती म्हणाली,
"तेही असेच गुणी होते."

मी यादी करत होते: दुसरी कुपी, आईच्या गोळ्या,
शेंगदाणे.
तिथेच शाई फुटलीय.
बाळ रडत होतं.
कुणीच त्याला गप्प केलं नाही.