सूर्याची कॉफी

सहाला मला जाग येते, हातांना येत नाही.
ते आठपर्यंत परदेशात असतात,
तिकडचं घड्याळ वेगळं.
मी पांघरुणात पडून एकेका बोटाला हाक मारते.
करंगळी आधी ओ देते.
अंगठा सगळ्यांत शेवटी, तोही कुरकुरत,
धक्क्यावर गोठलेल्या दोरासारखा.

बाहेर अंधार. नोव्हेंबर सरता सरता
सूर्य डोंगराच्या पलीकडूनच जायला लागतो,
गावाला न भेटता.
आम्ही त्याला बोल लावत नाही.
डोंगर उंच आहे, एवढंच.

बावीस वर्षं मासळीच्या कारखान्यात
मी कॉडचे काटे काढले.
सुरी अशी फिरायची की मुकादम ह्यालमार
नव्या पोरींना माझ्यामागे उभं करायचा: बघा, स्वानहिल्दुर कशी कापते ते.
आता लोण्याची सुरी मी मुठीत धरते,
जेवायला शिकणाऱ्या पोरासारखी.
बोटं सगळी एकाच बाजूला कललीत,
जशी आमच्याकडची झाडं
वाऱ्याशी हुज्जत घालणं सोडून देतात.

डॉक्टरीणबाई महिन्यातून एकदा येतात राजधानीहून,
विमान उतरलं तर.
"एक ते दहा, किती दुखतंय?"
"कशाच्या मानाने?" मी विचारते.
त्या हसत नाहीत. मग मी चार सांगते.
माझे चार म्हणजे सहा,
ज्याने त्याने समजून घ्यावं.

बुधवारी पिवळ्या गोळ्या.
गुरुवारी पोटात होडी डचमळते.
शुक्रवारी मी माणसांत येते.
म्हणून माझा आठवडा शुक्रवारी सुरू होतो,
आणि केस धुतले
की त्या दिवशी जिना उतरत नाही.

उतरले, तर बरणी घेऊनच.
खाली बोझेना राहते, पोलंडची,
अजून कारखान्यात जाते, माझ्याच जागेवर उभी राहते.
ती झाकण फिरवते, काही विचारत नाही,
फक्त झाकणालाच तिच्या भाषेत एक शिवी हासडते.
मी तिची सरकारी पत्रं वाचून देते.
हिशेब चुकता.

काही रात्री चादरीचंही ओझं होतं.
त्या रात्री मी आशेबिशेचं नाव काढत नाही.
उद्या लोकर कुठल्या रंगाची घ्यायची
तेवढं ठरवते.
लाकडी सुया, जाड धागा, एका बैठकीत चार ओळी.
कोर्माकुरच्या मोज्याची आत्ता कुठे टाच वळली आहे.
पुरा होईतो त्याचा पाय वाढलेला असेल.
असू दे, त्याला धाकटी बहीण आहे.

पंचवीस जानेवारी. या दिवशी सूर्य
डोंगराच्या खाचेतून गावात डोकावतो
आणि घरोघर त्याच्या नावाने कॉफी होते,
पातळ धिरडी होतात.
बिडाचा तवा मी कधीच देऊन टाकला,
नवा हलका आहे, तरी दोन हातांनी उचलते.
पहिलं धिरडं फाटलं. दुसरंही.
तिसऱ्याला बोझेनाने टाळ्या वाजवल्या,
कोर्माकुरने नाकापर्यंत साय लावून घेतली,
आणि आम्ही सगळे खिडकीशी जाऊन उभे राहिलो.

ढग होते.

"ढगामागे आला असेल," कोर्माकुर म्हणाला.
आम्ही बसलो आणि धिरडी संपवली,
आला असेल असं धरून.

दुसऱ्या दिवशी घरात मी एकटी.
दुपारी, पावणेदोनच्या सुमाराला,
टेबलावर काहीतरी सांडलं असं वाटलं.
पुसायला फडकं घेतलं आणि थांबले.
रुबार्बच्या मुरंब्याची बरणी आतून पेटली होती.
उजेड तिथून माझ्या हातावर चढला,
एकेका सांध्याशी रेंगाळला,
जसा माणूस ओळखीच्या दारांवरून जातो.
भिंतीवर सावली पडली, वाकडीच.
बरं काहीच झालं नाही.
मी हात मात्र काढला नाही.

मग बोटाच्या पेराने बटणं दाबून
कोर्माकुरला फोन लावला.
"आला होता."
"किती वेळ?"
"चार मिनिटं," मी म्हणाले,
आणि या वेळी चार म्हणजे चारच.

उद्या बुधवार.
उद्या पाच असतील, नाहीतर ढग.