पोच

डिसेंबर. सिव्हिल लाइन्सच्या दफ्तरखान्यात
मी मोडी वाचतो, सरकारी पगारावर,
आणि सरकार मुंबईहून आलं आहे
दोन आठवडे, ऊन आणि संत्री खायला,
असं आमचा शिपाई डोमाजी म्हणतो.
झाडांच्या बुंध्यांना गेरू-चुना लागला.
खड्डे बुजले, आमदार निवासाकडचे.

टेबलावर एक अर्ज. भोसल्यांच्या काळातला,
कडा कसरीनं खाल्लेल्या.
लखमा हेडाऊ, कोष्टी, राहणार इतवारी.
'स्वामींचे शेवेशी विज्ञापना ऐसीजे,
माग दोन, पैकी एक मोडका.
पट्टी दोहोंची घेतात.
मायबाप धनी समर्थ आहेत.'
समासात वेगळ्या हातानं, घाईत:
'चौकशी करणे.'
पुढचं पान नाही.

अठरा वर्षं शोधतोय मी ते पुढचं पान.

धनी चांगला असेल तर? असतही.
त्यांनी खणलेली तळी अजून पाणी धरून आहेत,
आणि निविदा निघाली नव्हती.
लहर आली, गाव जेवलं.
लहर फिरली, गाव उठलं.
लखम्याच्या हातात एवढंच,
की धनी मरेस्तोवर थांबायचं
आणि मग पोरगा कसा निघतो ते बघायचं.

त्याहून कितीतरी मागे, रामटेकच्या वाटेवर
नगरधनला राजधानी होती तेव्हा
राजे तांब्यावर कोरून गावं द्यायचे,
जोवर चंद्र आणि सूर्य आहेत तोवर.
घेणाऱ्याचं गोत्र कोरलं, चारी शिवा कोरल्या.
गावातल्या माणसांना विचारलं का,
ते लिहायला पत्र्यावर जागा उरली नसावी.

भिक्खूंच्या संघात मात्र शलाका वाटत,
लाकडाच्या काड्या, मतं मोजायला.
म्हणून कुणी अभ्यासक इथे बसून
लोकशाही विलायतेहून आली म्हणाला
की डोमाजी दीक्षाभूमीच्या दिशेला नुसता हात करतो,
चहा ठेवतो, निघून जातो.

दुपारी डबा घेऊन टेकडी रोडला गेलो.
बांबूचे अडसर, त्यामागे पोलीस,
पोलिसांच्या अलीकडे बाया. शेकडो.
प्रमिला उईके, अंगणवाडी मदतनीस, धानोरा तालुका,
रात्रभर बसनं आलेली,
चपला उशाला घेऊन डांबरावर.
'निवेदन गेलं का आत?'
'गेलं ना. पाच जणी गेल्या. पोच भेटली.'
पिशवीतून पिशवी, त्यातून घडी.
या सालची. मागच्या सालची. त्याच्या मागची.
तिन्ही पोचांवर गोल शिक्का,
आणि जुन्या दोन्हींना टाचलेलं एकच उत्तर:
चौकशी करून योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.

मला हसू आलं.
'काऊन हसले भाऊ?'

मग सांगितला लखमा. दोन माग, दोहोंची पट्टी,
समासातलं वाक्य.
ती बराच वेळ अडसराकडे बघत राहिली.
'आन् मंग त्यानं का केलं?'
'माहीत नाही. पान हरवलंय.'
'पोच नसंल देली त्याले.'
नसेल. मला अठरा वर्षांत सुचलं नव्हतं.

'आमच्याकडचा आधीचा पाडला आम्ही,' ती म्हणाली,
भाकरीचा तुकडा मोडत, जणू भिंत पाडल्याचं सांगावं.
'नवा बी तसाच निघाला.'
'मग?'
'मंग का. त्याले बी पाडू.'

तिच्या डाव्या तर्जनीच्या नखावर
शाईची काळी कोर राहिली होती, अगदी टोकाला.
वाढत्या नखाबरोबर ती कापली जाणार,
आणि बोट पुन्हा कोरं होणार.
तांब्यावर हे साधलं नसतं.

हे फार मोठं वाटून घेऊ नये.
तिचं मानधन चार महिने आलेलं नाही.
परतीच्या बसला पैसे तिघींनी मिळून काढलेत.

दफ्तरात परत येऊन नोंदवहीत लिहिलं:
अर्ज एक. पान एक. अर्जदार कोष्टी.
निकालाच्या रकान्यात नेहमी 'अपूर्ण' लिहितो,
आज पेन तिथे थांबलं.
डोमाजी खिडकी लावायला उठला,
घोषणांनी तुमचं वाचन होत नसंल म्हणाला.

राहू दे, म्हटलं. उघडी राहू दे.